सांधेदुखी एक, आजार अनेक

सकाळी उठल्यावर हाताची मूठ वळत नाही. चहाचा कप धरताना बोटे साथ देत नाहीत. नळ फिरवण्यासाठी, डब्याचे झाकण उघडण्यासाठी घरातल्या कोणाला तरी हाक मारावी लागते. तास-दीड तासाने हात मोकळे होतात आणि दिवसाचा रहाटगाडा सुरू होतो. ‘थंडीमुळे होत असेल’, ‘आता वय झाले’, ‘कॅल्शियम कमी असेल’ अशी कारणे देत हे दुखणे महिनोन्महिने अंगावर काढले जाते. दरम्यान औषधाच्या दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी, शेजाऱ्यांनी सुचवलेले तेल आणि कोणीतरी आणून दिलेली पुडी असे सारे उपाय करून होतात. रुग्ण तज्ज्ञांपर्यंत पोहोचतो तेव्हा अनेकदा बोटे वाकडी होऊ लागलेली असतात. आमवाताच्या बाबतीत ही वाया गेलेली वर्षे परत मिळत नाहीत. कारण औषधांनी सूज थांबवता येते, झिजलेले हाड पूर्ववत करता येत नाही.

‘संधिवात’ हे एका आजाराचे नाव नाही. सांध्यांना ग्रासणारे शंभराहून अधिक आजार वैद्यकशास्त्राला ज्ञात आहेत. त्यांची कारणे वेगळी, उपचार वेगळे आणि परिणामही वेगळे. एकाला लाभदायक ठरलेली गोळी दुसऱ्याला निरुपयोगी, क्वचित घातकही ठरू शकते. आयुर्वेदानेही हा भेद ओळखला होता. चरकसंहितेत ‘वातरक्त’ स्वतंत्रपणे वर्णिलेले आहे, तर सुमारे तेराशे वर्षांपूर्वीच्या ‘माधवनिदान’ या ग्रंथात ‘आमवाता’ला स्वतंत्र स्थान देण्यात आले आहे. म्हणूनच दुखणे कोणत्या जातीचे आहे हे ठरवणे ही उपचारांची पहिली पायरी होय.

सांध्याची रचना

दोन हाडे जिथे एकत्र येतात तो सांधा. हाडांची टोके एकमेकांवर घासू नयेत म्हणून त्यांवर गुळगुळीत, लवचिक कूर्चेचे आवरण असते. सांध्याभोवती एक पिशवी असते. तिच्या आतल्या पातळ अस्तरातून वंगणासारखा द्रव पाझरतो. त्यामुळे हालचाल सुलभ होते. कूर्चेला रक्तपुरवठा नसल्याने एकदा झालेली तिची हानी भरून येणे कठीण असते. आजाराचा आरंभ कूर्चेत होतो की अस्तरात, यावर दुखण्याचे स्वरूप बरेचसे अवलंबून असते.

झीज की दाह?

महागड्या चाचण्यांआधी काही साध्या प्रश्नांची उत्तरे डॉक्टरांना बरेच काही सांगून जातात. सकाळचा आखडलेपणा किती वेळ टिकतो? तो अर्ध्या तासाच्या आत जात असेल आणि चालल्यावर, जिने चढल्यावर दुखणे वाढत असेल तर झिजेची शक्यता अधिक. आखडलेपणा तासभर किंवा त्याहून अधिक टिकत असेल, विश्रांतीने दुखणे वाढून हालचालीने कमी होत असेल, तर ते दाहाचे लक्षण मानतात.

कोणते सांधे दुखतात, किती दुखतात आणि दोन्ही बाजूंचे सारखेच दुखतात का, हेही महत्त्वाचे. सांध्यावर खरोखर सूज आहे की केवळ वेदना, हे डॉक्टर बोटांनी दाबून पाहतात. त्वचेवरील चट्टे, डोळे लाल होणे, तोंडातील व्रण, ताप, वजनातील घट, अलीकडे झालेले जुलाब किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग यांचाही सांध्यांशी संबंध असू शकतो. ‘गुडघा दाखवायला आलो आणि डॉक्टर त्वचेविषयी विचारतात’ असे वाटून या प्रश्नांकडे दुर्लक्ष करू नये.

ऑस्टिओआर्थ्रायटिस : सर्वाधिक आढळणारा प्रकार

सांध्यांची झीज म्हणून ओळखला जाणारा हा प्रकार जगात सर्वाधिक आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये जगभरात सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना तो होता. त्यांपैकी जवळपास ६० टक्के स्त्रिया होत्या. गुडघा, खुबा, मणका, हाताच्या अंगठ्याचे मूळ आणि बोटांची शेवटची पेरे हे त्याचे नेहमीचे ठिकाण. बोटांच्या पेरांवर टणक गाठी दिसू लागतात. गुडघ्यातून करकर असा आवाज येतो. जिना उतरताना, मांडी घालून उठताना कळ येते. पुढे पाय धनुष्याप्रमाणे बाहेर वाकू लागतात.

वाढते वय, स्थूलपणा, आनुवंशिकता, पूर्वी झालेली दुखापत आणि उकिडवे बसून वा गुडघे टेकून करावी लागणारी कामे ही त्याची प्रमुख कारणे. निदान बहुधा तपासणीवरूनच होते. एक्स-रे काढायचा असल्यास तो उभ्याने काढणे उपयुक्त, कारण शरीराचे वजन पडल्यावरच दोन हाडांमधील अंतर किती घटले आहे ते दिसते. एक्स-रेमधील झीज आणि प्रत्यक्ष वेदना यांचे प्रमाण मात्र नेहमी जुळत नाही. म्हणून केवळ एक्स-रे पाहून शस्त्रक्रियेचा निर्णय घेतला जात नाही.

यावरील सर्वांत परिणामकारक उपाय औषधाच्या दुकानात मिळत नाहीत. ते म्हणजे व्यायाम आणि वजन कमी करणे. एक किलो वजन घटल्यास चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी घटतो, असे अभ्यासात आढळले आहे. मांडीच्या पुढच्या बाजूचे स्नायू बळकट झाले की गुडघ्याला आधार मिळतो. खुर्चीवर बसून पाय सरळ करून काही क्षण धरून ठेवणे, सपाट रस्त्यावर चालणे, सायकल, पोहणे हे व्यायाम सोयीचे. ‘गुडघा दुखतो म्हणून चालणे बंद’ हा समज घातक आहे. त्यातून स्नायू दुबळे होतात, वजन वाढते आणि दुखणे बळावते.

औषधांत प्रथम वेदनाशामक मलम वापरावे आणि पोटात घेण्याच्या गोळ्या गरजेपुरत्याच घ्याव्यात. सांध्यात दिलेल्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम मिळतो, परंतु ते वारंवार देणे योग्य नव्हे. ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांवर मोठा खर्च केला जातो. तथापि त्यांचा ठोस लाभ सिद्ध झालेला नाही आणि अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत गुडघ्यासाठी त्यांची शिफारस केलेली नाही.

आमवात : पहिले महिने मोलाचे

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणजेच आमवात हा झिजेचा आजार नाही. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. अस्तर सुजते, जाड होते आणि हळूहळू कूर्चा व हाड कुरतडू लागते. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने १९९६ मध्ये घरोघरी जाऊन सांधेदुखीचे सर्वेक्षण सुरू झाले. त्यात दर दोनशे प्रौढांमागे साधारण एकाला आमवात असल्याचे आढळले. स्त्रियांमध्ये तो पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आढळतो आणि ऐन उमेदीच्या वयातही होतो. धूम्रपानाने त्याचा धोका वाढतो.

दोन्ही हातांच्या बोटांची मुळे व मधली पेरे, मनगटे आणि पायाचे चवडे यांना सारखीच सूज येणे ही त्याची खूण. बोटांची शेवटची पेरे बहुधा सुटतात. थकवा, बारीक ताप, भूक मंदावणे ही लक्षणेही दिसतात. दीर्घकाळ उपचार न झाल्यास बोटे करंगळीच्या दिशेने कलतात. फुप्फुसे, डोळे आणि रक्तवाहिन्यांवरही परिणाम होतो, हृदयविकाराचा धोका वाढतो.

रक्ताच्या चाचण्यांविषयी मोठा गैरसमज आहे. ‘आरए फॅक्टर’ निगेटिव्ह आला म्हणजे आमवात नाही, असे नव्हे. सुमारे २० ते ३० टक्के रुग्णांत तो निगेटिव्हच असतो. उलट काही निरोगी व्यक्तींत, विशेषतः वृद्धांत, तो पॉझिटिव्ह येतो. ‘अँटी-सीसीपी’ ही चाचणी अधिक नेमकी असून ती लक्षणांच्या आधीही पॉझिटिव्ह असू शकते. ईएसआर आणि सीआरपी या चाचण्या दाहाचे प्रमाण दाखवतात, त्याचे कारण नव्हे. एक्स-रेमध्ये आरंभी काहीच दिसत नाही. सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये अस्तराची सूज लवकर दिसते.

सांध्याला सूज असलेल्या रुग्णाने लक्षणे सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांच्या आत संधिवाततज्ज्ञांना दाखवावे, आणि आजार टिकणारा वाटल्यास तीन महिन्यांच्या आत मूळ उपचार सुरू व्हावेत, अशी युरोपीय तज्ज्ञ संघटनेची शिफारस आहे. वेदनाशामक गोळी केवळ दुखणे झाकते. आजाराला आवर घालणारी औषधे निराळी असतात. मेथोट्रेक्सेट हे त्यांतील प्रमुख. त्याचा परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. त्यामुळे ‘गुण येत नाही’ म्हणून ते मध्येच सोडू नये. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासालाझिन, लेफ्लुनोमाइड ही अन्य औषधे होत.

येथे एक इशारा आवश्यक आहे. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतल्याने अस्थिमज्जा निकामी होऊन जगभरात रुग्ण दगावले आहेत. चिठ्ठीवर आणि औषधाच्या पाकिटावर ठरलेला वार मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावा. घरातील अन्य व्यक्तीलाही तो सांगून ठेवावा. सोबत फॉलिक अ‍ॅसिडची गोळी दिली जाते. रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या चाचण्या नियमित कराव्या लागतात. मद्यपान टाळावे. गर्भधारणेचा विचार असल्यास तसे आधीच सांगावे, कारण मेथोट्रेक्सेट आणि लेफ्लुनोमाइड गर्भाला घातक आहेत. त्याऐवजी सुरक्षित पर्याय उपलब्ध आहेत. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दीर्घकाळ घेणाऱ्यांनी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा.

या औषधांनी आजार आटोक्यात न आल्यास जैविक औषधे किंवा टोफासिटिनिबसारख्या गोळ्यांचा विचार होतो. जैविक औषधे महाग असली तरी भारतीय कंपन्यांच्या समकक्ष औषधांमुळे पर्याय वाढले आहेत. ती सुरू करण्यापूर्वी शरीरात सुप्त क्षयरोग नाही ना, याची तपासणी अत्यावश्यक असते. टोफासिटिनिबच्या गटातील गोळ्यांविषयी २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या आणि कर्करोग यांच्या जोखमीचा इशारा दिला. त्यामुळे वय व अन्य आजार पाहूनच त्या दिल्या जातात.

स्टिरॉइड : मित्र आणि शत्रू

१९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये आमवाताच्या एका रुग्ण महिलेला कॉर्टिसोन देण्यात आले आणि काही दिवसांतच अंथरुणाला खिळलेली ती रुग्ण चालू लागली. या संशोधनासाठी फिलिप हेंच, एडवर्ड केंडल आणि टाडेउश राइशस्टाइन यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु दुष्परिणामही लवकरच ध्यानी आले. रक्तदाब व साखर वाढणे, हाडे ठिसूळ होणे, मोतीबिंदू, चेहरा सुजणे आणि संसर्गाचा धोका ही त्याची किंमत. म्हणूनच मूळ औषधांचा परिणाम सुरू होईपर्यंत, अल्प मात्रेत आणि अल्पकाळ स्टिरॉइड देण्याची पद्धत आहे.

‘दोन दिवसांत हमखास आराम’ देणाऱ्या निनावी पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेले आढळल्याची उदाहरणे आहेत. ज्या औषधाच्या पाकिटावर घटक लिहिलेले नाहीत ते घेऊ नये. असे औषध बराच काळ घेतले असल्यास एकाएकी बंद न करता डॉक्टरांना दाखवावे. अचानक थांबवल्याने शरीरातील नैसर्गिक स्टिरॉइडचा तुटवडा होऊन प्रकृती गंभीर होऊ शकते.

गाउट : मध्यरात्रीची कळ

रात्री झोपताना सर्व ठीक असते. पहाटे पायाच्या अंगठ्याचे मूळ लालबुंद होऊन सुजते, चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. रक्तातील युरिक अ‍ॅसिड वाढून त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचल्याने हा झटका येतो. मध्यमवयीन पुरुषांत तो अधिक आढळतो. स्त्रियांमध्ये तो बहुधा रजोनिवृत्तीनंतर होतो.

झटक्याच्या वेळी युरिक अ‍ॅसिड सामान्य आढळू शकते. त्यामुळे दोन-तीन आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी लागते. सांध्यातील द्रव काढून सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक पाहणे ही निदानाची खात्रीची पद्धत. याउलट नियमित तपासणीत केवळ युरिक अ‍ॅसिड वाढलेले दिसले आणि कोणतेही लक्षण नसले, तर बहुधा औषधाची गरज नसते.

झटका आला असता कोल्चिसिन, दाहशामक गोळ्या किंवा स्टिरॉइड यांपैकी रुग्णाला सोसेल ते दिले जाते. झटके वारंवार येत असल्यास अ‍ॅलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट दीर्घकाळ घ्यावे लागते. मात्रा अल्प प्रमाणात सुरू करून हळूहळू वाढवतात आणि युरिक अ‍ॅसिड ६ मिलिग्रॅमच्या खाली ठेवणे हे उद्दिष्ट असते. अ‍ॅलोप्युरिनॉल सुरू केल्यावर अंगावर पुरळ उठल्यास ते त्वरित थांबवून डॉक्टरांकडे जावे. आहारात बिअर व अन्य मद्य, कलेजी, लाल मांस, कोळंबी-शिंपल्यांसारखे पदार्थ आणि गोड शीतपेये कमी करावीत. डाळी-उसळी मात्र सरसकट बंद करण्याचे कारण नाही. वनस्पतिजन्य पदार्थांमुळे गाउटचा धोका वाढत असल्याचे मोठ्या अभ्यासात आढळलेले नाही.

तरुणांची पाठदुखी

पंचविशी-तिशीतील तरुणाची कंबर तीन महिन्यांहून अधिक काळ दुखते, पहाटे दुखण्याने जाग येते, विश्रांतीने बरे वाटत नाही आणि हिंडल्या-फिरल्यावर मोकळे वाटते. अशा वेळी ‘बसण्याच्या सवयी’कडे बोट दाखवून थांबू नये. हा अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस असू शकतो. उपचारांअभावी मणके एकमेकांना जोडले जाऊन पाठीचा कणा बांबूसारखा ताठ होतो. एचएलए-बी२७ ही जनुकीय चाचणी निदानाला मदत करते, मात्र ती पॉझिटिव्ह असलेल्या बहुतेक व्यक्तींना हा आजार कधीच होत नाही. कंबरेखालच्या सांध्यांचा एमआरआय आजार लवकर दाखवतो. नित्य व्यायाम आणि दाहशामक औषधे हा उपचारांचा पाया आहे.

सोरायसिसच्या काही रुग्णांतही सांधे सुजतात. एखादे बोट मुळापासून टोकापर्यंत सुजणे, नखांवर सुईच्या टोकासारखे खड्डे पडणे या त्याच्या खुणा होत.

संसर्गामुळे होणारी सांधेदुखी

एकच सांधा अचानक सुजला, गरम झाला आणि सोबत थंडी-ताप असेल तर सांध्यात जिवाणूंचा संसर्ग झाल्याची शंका घ्यावी लागते. ही तातडीची बाब आहे, कारण काही दिवसांत सांधा कायमचा निकामी होऊ शकतो. मधुमेही आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी विशेष दक्ष राहावे. क्षयरोगही गुडघा, खुबा वा मणक्यात शिरतो, पण तो संथपणे वाढतो.

२००६ मध्ये महाराष्ट्रात चिकुनगुनियाची मोठी साथ आली. ताप ओसरल्यावरही अनेकांचे सांधे महिनोन्महिने दुखत राहिले. बहुतेकांचे दुखणे हळूहळू थांबते. सूज तीन महिन्यांहून अधिक टिकल्यास मात्र आमवाताच्या दिशेने तपासणी आवश्यक असते.

लहान मुलांनाही संधिवात होतो. सकाळी लंगडणारे मूल तासाभराने खेळू लागले म्हणून ते ‘शाळेचे निमित्त’ समजू नये. घसादुखीनंतर एका सांध्यातून दुसऱ्या सांध्यात फिरणारे दुखणे संधिज्वराचे असू शकते आणि त्यात हृदयाच्या झडपांना इजा होण्याचा धोका असतो.

शस्त्रक्रिया केव्हा?

औषधे, व्यायाम आणि वजन घटवूनही वेदना कमी होत नाहीत, रात्रीची झोप मोडते आणि घरातल्या घरात वावरणे कठीण होते, तेव्हा सांधेरोपणाचा विचार केला जातो. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार गुडघ्याचे दहापैकी सुमारे आठ कृत्रिम सांधे २५ वर्षे टिकतात. खर्च हा मोठा अडसर असतो. केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची किंमत त्या वेळी ५४,७२० रुपये, कर वेगळा, अशी ठरली. रुग्णालयाकडून कृत्रिम सांध्याची किंमत दर्शवणारे स्वतंत्र देयक मागून घ्यावे. शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामात कसूर झाल्यास सांधा आखडतो, हेही आधीच समजून घ्यावे.

दैनंदिन काळजी

वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास पोटात व्रण होतात, मूत्रपिंडांवर ताण येतो, रक्तदाब वाढतो. मूत्रपिंडाचा विकार, हृदयविकार असलेल्यांनी आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी त्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. आंबट, वांगे, बटाटा हे पदार्थ ‘वातूळ’ म्हणून सर्वांनाच वर्ज्य करण्यास शास्त्रीय आधार नाही. सकस, पुरेशा प्रथिनांचा आहार घ्यावा. दाह असताना सांध्याचे जोरदार मालीश टाळावे. उंच खुर्ची, कमोड, जिन्याला कठडा, जाड मुठीची भांडी अशा साध्या बदलांनी दिवस सुसह्य होतो. गुडघ्यासाठी काठी वापरायची असल्यास ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी.

डॉक्टरांकडे त्वरित केव्हा जावे?

- एक सांधा अचानक सुजून लाल व गरम झाला असेल आणि ताप असेल, तर त्याच दिवशी.
- मेथोट्रेक्सेट सुरू असताना तोंडात व्रण, ताप, कोरडा खोकला, धाप किंवा रक्तस्राव दिसल्यास, तसेच गोळी चुकून रोज घेतली गेल्यास, त्याच दिवशी.
- संधिवाताच्या रुग्णाचा डोळा लाल होऊन दुखू लागल्यास वा अंधुक दिसू लागल्यास, विलंब न करता.
- पाठदुखीसोबत पायातील शक्ती गेल्यास वा लघवी-शौचावरील ताबा सुटल्यास, तातडीने रुग्णालयात.
- एकापेक्षा अधिक सांध्यांची सूज व सकाळचा आखडलेपणा टिकून राहिल्यास, सहा आठवड्यांच्या आत संधिवाततज्ज्ञांकडे.

तज्ज्ञांकडे जाताना जुने अहवाल, सुरू असलेल्या सर्व औषधांची पाकिटे, पुड्यांसह, आणि सुजलेल्या सांध्याचे छायाचित्र सोबत न्यावे. तपासणीच्या दिवशी सूज ओसरलेली असते आणि ‘कालपर्यंत होती’ एवढेच सांगता येते, अशी अनेकांची तक्रार असते. अशा वेळी हे छायाचित्र निदानाला उपयोगी पडते.